दोन विद्यापीठांचा एक चांगो

अन्याय झाला तो चांगो जोमा पाटील, राहणार काशीगाव, यांच्यावर. १९७४ सालच्या मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी सव्वादोन ते पावणेतीन या अर्ध्या तासात. करणारे दोघं होते. एक विद्यापीठ घाटाखालचं आणि एक घाटावरचं. मी नावं घेत नाही. नावं घेतली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण बोटं बघत बसतो. चांगोकाका त्यांना 'खालचं' आणि 'वरचं' म्हणत. तेवढं पुरे.

या सगळ्या प्रकरणावर मी चार पत्रकं काढली. चारही पत्रकांत चांगोकाका 'एक पीडित श्रमिक' होते. चौथं मी त्यांना त्यांच्या ओटीवर बसून वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "वाईट झालं बिचाऱ्याचं. कोन ह्यो? मना भेटव एकदा." म्हणून आता पत्रक बाजूला ठेवून माणूस लिहितेय.

काका आगरी. भाईंदर-मिऱ्याकडच्या मिठागरांना लागून खाडीच्या काठाने जी खारी जमीन आहे, तिच्यात अगदी खालची, पाण्याला चिकटलेली पट्टी त्यांची. त्या पट्टीत गोड्या जमिनीतलं भात उगवत नाही, जळून जातं. उगवायचं ते फक्त एक तांबडं, कुसळांचं, बुटकं भात. ते त्यांच्या आज्याच्या वेळेपासून तिथे होतं. बाकीच्या गावाने ते कधीच सोडून दिलं होतं, कारण खायला जाडं आणि विकायला हलकं. राहिलं होतं फक्त चांगोकाकांच्या पट्टीत.

माणूस बुटका आणि रुंद, त्यांच्या भातासारखाच. खुर्चीवर कधी बसले नाहीत. घड्याळ नव्हतं, भरतीवर वेळ सांगायचे. "पानी उतरायला लागलं का ये," असं सांगून आम्हा कार्यकर्त्यांना बोलवायचे आणि आम्ही भाईंदरच्या चाळीत वाढलेली, मुळात रत्नागिरीची माणसं, कधी तीन तास लवकर जायचो तर कधी चार तास उशिरा. मला ते 'पत्रकवाली बाय' म्हणत.

आणि चाखायचे. दिसेल ते पाणी बोट बुडवून जिभेला लावायचे. शेतातलं, खाडीतलं, विहिरीतलं. मग निकाल: "आज घामागत हाय." "आज आसवागत." सगळ्यात वाईट म्हणजे "सुकटीगत." खालच्या विद्यापीठाचे सर म्हणे सुरुवातीला काचेच्या नळ्या घेऊन यायचे. दोन वर्षांनी नळ्या घरी राहिल्या. त्यांच्या वहीत तारखेपुढे सरळ लिहिलेलं असायचं: 'घाम', 'घाम', 'आसू', 'घाम', 'सुकट'.

या सरांबद्दल आधी सांगायला हवं. खालचे सर आणि वरचे सर, दोघं कुठल्याशा परिषदेत भेटले, भातावरून भांडले आणि भांडण मिटेना म्हणून दोघंही ते तांबडं भात बघायला चांगोकाकांच्या दारात आले. ही गोष्ट १९६३ची. हिरूकाकूंनी, म्हणजे चांगोकाकांच्या बायकोने, निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण वाढलं. ते इतकं तिखट होतं की दोघांचं बोलणं बंद झालं, आणि बोलणं बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भांडण्यासारखं फारसं काही नाही. त्या ओटीवर ठरलं की दोन्ही विद्यापीठांनी मिळून या भाताचा अभ्यास करायचा. पट्टीच्या कडेला एक पत्र्याची खोली बांधली. दारावर पाटी लागली: संयुक्त खार-भात संशोधन केंद्र.

इथवर सगळं ठीक होतं. मग करार लिहिला गेला.

करार मी वाचलाय. एकोणीस पानं. त्यात भात हा शब्द चार वेळा येतो आणि 'संयुक्त' हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. त्यात एक कलम असं की केंद्राची मालमत्ता संयुक्त असल्यामुळे दाराला दोन कुलुपं राहतील, प्रत्येक विद्यापीठाचं एक, आणि दार उघडायचं ते दोन्हींच्या प्रतिनिधींनी समक्ष. दुसरं कलम असं की पट्टीतलं सगळं पीक बी म्हणून केंद्रात डब्यात बंद राहील, बाहेर एक दाणा ठेवायचा नाही. बी शुद्ध राहिलं पाहिजे. दरवर्षी पेरणीच्या आधी सरांनी यायचं, चांगोकाकांना बी काढून द्यायचं, कापणीनंतर परत डबे भरायचे.

आणि तिसरं कलम पहारेकऱ्याचं. पहारेकरी एक, विद्यापीठं दोन. तेव्हा दोघांनी चांगोकाकांनाच अर्धं-अर्धं नेमायचं ठरवलं. खालच्याच्या नियमात अर्धी नेमणूक म्हणजे सकाळ. वरच्याच्याही नियमात अर्धी नेमणूक म्हणजे सकाळच. त्यामुळे चांगोकाका रोज सकाळी दोनदा कामावर असत आणि दुपारी केंद्राला कोणीच नसे. खालच्याने त्यांना खाकी टोपी दिली, वरच्याने शिट्टी. टोपी घालून शिट्टी वाजवायची परवानगी नव्हती. शिट्टी वाजवायच्या आधी ते टोपी काढून बगलेत धरत.

हे मी रचून सांगतेय असं वाटत असेल तर तापाची गोष्ट ऐका. एका श्रावणात काकांना सडकून ताप आला. मुलीकडून दोन अर्ज लिहून दोन्हीकडे पाठवले. खालच्याने रजा मंजूर केली. वरच्याने नामंजूर, कारण वर्षाच्या त्या भागात अर्ध्या पहारेकऱ्यांना रजा नसते. दुसरा कोणी असता तर घरी झोपला असता. काकांनी बाज उचलून केंद्राच्या पडवीत आणली. टोपी घरी खुंटीला ठेवली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि वरच्या विद्यापीठाच्या ड्यूटीवर पाच दिवस तापाने फणफणत पडून राहिले. हिरूकाकू डोक्यावर पट्ट्या ठेवायला आल्या तर म्हणाले, "उजवीकडनं ठेव. डावं अंग कामावर हाय."

पर्जन्यमापकाचीही कथा आहे. ते यंत्र दोन्हींनी मिळून घेतलेलं, म्हणजे संयुक्त मालमत्ता, म्हणजे कलमाप्रमाणे कुलपात. पाऊस मोजायचं यंत्र खोलीच्या आत. चार वर्षं दोन्ही विद्यापीठांकडे काशीगावच्या पावसाचे जे आकडे गेले, ते त्या खोलीच्या छपराच्या गळतीचे होते. पाचव्या वर्षी सरांनी पत्रा बदलला आणि वरच्या विद्यापीठाने लेखी विचारलं की या भागात दुष्काळ पडला आहे काय. काकांनी उत्तर सांगितलं, सरांनी लिहिलं: "न्हाय. घर दुरुस्त केलं."

पण एवढं सगळं असूनही दहा वर्षं केंद्र चाललं. का चाललं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी समजायची की चांगला करार असला की काम चालतं आणि वाईट असला की बंद पडतं. करार पहिल्या दिवसापासून वाईट होता. चाललं ते दोन सरांमुळे. दोघं एकत्र यायचे, एकत्र जेवायचे, दोन चाव्या एकाच खिशात घालायचे. आणि कापणीनंतर डबे भरताना चांगोकाका एक मूठ भात बाजूला काढायचे, तेव्हा दोघंही एकदम खाडीकडे बघायला लागायचे. "बगळा बघा," वरचे सर म्हणायचे. बगळा नसायचा.

ती मूठ कशासाठी, ते सांगते. सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

खारी जमीन बांधावर जगते. बांधाला एक झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायची. चुकून उघडी राहिली तर एका भरतीत वर्षाचं पीक जातं. चांगोकाकांच्या बांधाची उघाडी त्यांची आणि शेजारच्या गोमा म्हात्र्यांची मिळून होती. आणि पाटील-म्हात्र्यांचं तीन पिढ्यांचं वैर. कारण ऐका: कुणाच्याशा हळदीला म्हात्र्यांच्या आज्याने पाटलांच्या आज्याला वाढताना माशाचं शेपूट वाढलं. बस. तेव्हापासून लग्नाला जाणं नाही, मर्तिकाला खांदा नाही, विहीर वेगळी.

पण उघाडीचं कुलूप एकच. चावीही एकच. अमावास्येला ती म्हात्र्यांकडून पाटलांकडे यायची, पुनवेला पाटलांकडून म्हात्र्यांकडे जायची. पोराबरोबर पाठवायची नाही. बांधावर ठेवून जायची नाही. घरच्या कर्त्याने स्वतः दुसऱ्याच्या दारात जायचं, ओटीवर बसायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं, आणि मग हातात हात देऊन चावी द्यायची. नवं भात आलं की त्या खेपेला चावीबरोबर आपल्या शेतातली एक मूठ द्यायची. शिव्या दिल्या तरी चालतील. न बसता गेलं तर चालत नाही.

मी एकदा हे बघितलंय. चांगोकाका गोमाकाकांच्या ओटीवर बसले होते. गोमा म्हात्रे उंच, वाळलेला माणूस, तोंडात कायम तंबाखू.

"पी," गोमाकाका म्हणाले.

काकांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला. "तुझी हीर बिघडली गोमा. आसवागत लागतंय."

"तुझ्या तोंडाचीच चव हाय ती. ठेव चावी."

"बसू दे जरा."

"बस. शेपूट वाढू का?"

"वाढ. तुझ्या आज्यानं तरी दुसरं काय वाढलं?"

मग दोघं पंधरा मिनिटं तंबाखू मळत बसले. जाताना काका दारातून म्हणाले, "वरच्या तोंडाचा बांध भेगाळलाय. बघ उद्या." गोमाकाका थुंकले आणि दुसऱ्या दिवशी बांध बघून आले. तीन पिढ्यांत ती चावी एकदाही हरवली नाही, एकदाही उशिरा पोचली नाही.

१९७३च्या कापणीनंतर खालचे सर निवृत्त झाले. त्याच हिवाळ्यात वरच्या सरांची बदली झाली, फार लांब. जाताना दोघांनी आपापली चावी आपापल्या कचेरीत जमा केली. आणि एका खिशातल्या दोन चाव्या दोन टेबलांच्या दोन ड्रॉवरमध्ये गेल्या, मधे अख्खा घाट.

दोन्हीकडच्या नव्या साहेबांनी काम मनावर घेतलं हे मान्य करते. पहिली गोष्ट म्हणजे समिती नेमली. समितीची सभा फेब्रुवारीत केंद्रात ठरली. खालच्या विद्यापीठाचे तिघं आले, वरच्याचे दोघं. चावी मात्र कोणीच आणली नव्हती; दोन्हीकडच्यांना वाटलं दुसरे आणतील. करारात सभा 'केंद्राच्या आत' घ्यायची असं होतं. अर्धा तास चर्चा झाली की पडवी ही आत की बाहेर. मी तिथे होते; गावात दुसऱ्याच कशाची पत्रकं वाटायला गेले होते आणि वाटायचं विसरून बघतच राहिले.

चांगोकाकांनी चहा आणला, एक घोट स्वतः चाखला, "बराय," म्हणाले, आणि मग उभ्या उभ्याच बोलले:

"साहेब, मी सांगू? चावी एकच ठेवा. अमुशेला खालच्यांकडं, पुनवेला वरच्यांकडं. पन साहेबांनी जातीनं जायचं. शिपाई न्हाय, पोष्ट न्हाय. दारात जायचं, बसायचं, पानी प्यायचं. मंग बोला काय बोलायचं ते."

"आणि पाणी का प्यायचं?" वरचे साहेब म्हणाले.

"पानी पितांना मानूस बोलत न्हाय ना. तेवढा येळ दुसऱ्याला मिलतो."

साहेब हसले. सगळेच हसले. मग शेवटी ठरलं की पडवी बाहेरच आहे, म्हणजे सभा झालीच नाही. न झालेल्या सभेचं इतिवृत्त मात्र निघालं. त्यात आहे: 'पहारेकऱ्याच्या सूचनेची नोंद घेऊन ती उपसमितीकडे सोपवण्यात आली.' उपसमितीची सभाही केंद्राच्या आतच व्हायची होती.

मार्च गेला, एप्रिल गेला. बी डब्यात. डबे खोलीत. खोलीला दोन कुलुपं. खाडीकाठच्या दमट हवेत बंद पत्र्याच्या खोलीत, वर तापलेलं छप्पर. भाताचं बी तिथे एक उन्हाळा कसाबसा काढतं, दुसरा नाही. पेरलं नाही तर मेलं. आणि ते मेलं तर त्या पट्टीत उगवणारं दुसरं काही या पृथ्वीवर नाही, आणि नांगर न पडलेली खारी जमीन दोन-तीन पावसाळ्यांत खाडी परत घेऊन जाते. काकांच्या घरातली एवढीच काय ती जमीन. वरची कधीच वाटणीत गेली होती.

मी दोन्ही विद्यापीठांना पत्रं लिहिली. खालच्याने कळवलं, विषय वरच्याच्या अखत्यारीत आहे. वरच्याने कळवलं, खालच्याशी संपर्क साधावा. दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी संतापून काकांकडे गेले.

"काका, एक दगड घ्या आणि तोडा कुलूप! तुमचं भात आहे!"

काका पडवीत टोपी घालून बसले होते. सकाळ होती.

"मी पहारेकरी हाय ना गो."

"अर्धे! आणि तेही नावाला!"

"कुलूप अर्धं तुटतं का?" मग टोपी सारखी करून म्हणाले, "हे बघ बाय. आज मी ह्ये तोडलं, का? तर म्हनं माझी गरज व्हती. उद्या गोमाला गरज पडंल, तो उघाडीचं तोडंल. गरज कोनाला न्हाय? मंग चावी कशाला फिरवायची तीन पिढ्या?"

मला राग आला. खरं सांगायचं तर त्यांचाच राग आला. मी पत्रक क्रमांक एक त्या रागात लिहिलं.

पत्रकाचा म्हणा, कशाचा म्हणा, परिणाम झाला. दोन्ही साहेबांनी मे महिन्याचा शेवटचा मंगळवार ठरवला. समक्ष, दोन चाव्या. वेळ मात्र एकाने 'सकाळी' लिहिली आणि दुसऱ्याने 'दुपारी'.

खालचे साहेब अकराला आले. चांगले होते बोलायला. पडवीत बसले, घाम पुसत बसले. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता उठले. त्यांना प्रवासाच्या नियमाप्रमाणे कचेरी सुटायच्या आत परत पोचायचं होतं.

काका समोर जाऊन उभे राहिले. "साहेब, तुमचं कुलूप तेवढं उघडून जा. वरचे आले का आपलं उघडतील."

"अरे बाबा, असं कसं? एक कुलूप उघडं ठेवलं तर संयुक्त मालमत्ता अर्धी उघडी राहील."

"मंग चावी मना द्या."

"तुला?" साहेबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. "तू अर्धा त्यांचा आहेस ना. त्यांच्या माणसाकडे आमची चावी कशी देऊ?"

काकांनी उजवा हात पुढे केला. "ह्या हातात द्या. ह्यो तुमचा."

साहेब हसले नाहीत. हा विनोद नाही हे त्यांना कळलं असावं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, छत्री घेतली आणि सव्वादोन वाजता ते बांधावरून चालत गेले. मी त्यांच्या मागे अर्ध्या वाटेपर्यंत गेले, जे तोंडाला आलं ते बोलले. ते म्हणाले, "ताई, मला पटतंय. पण मी एकटा काय करणार?" एकटा! दोन विद्यापीठांचं 'संयुक्त' आणि प्रत्येक जण एकटा.

पावणेतीनला हमरस्त्याकडून वरचे साहेब आले. घाटात गाडी अडकली होती. हातात चावी, तिच्या कडीला चिठ्ठी बांधलेली. त्यांनी दाराकडे बघितलं, दुसऱ्या कुलपाकडे बघितलं आणि विचारलं, "हे आले नाहीत?"

काकांनी टोपी काढून बगलेत धरली आणि शिट्टी वाजवली. एकदाच, लांब. का वाजवली ते मी कधी विचारलं नाही. नियमाप्रमाणे केंद्राला धोका असेल तर शिट्टी वाजवायची होती.

वरच्या साहेबांनी पाणी मागितलं. हिरूकाकूंनी दिलं. "बसा," काका म्हणाले. साहेब बसले. फुलपात्र रिकामं करून खाली ठेवलं. मग तेही गेले.

पुढे पाऊस आला, सगळ्यांनी पेरण्या केल्या. काकांची पट्टी उघडी. मी पत्रक क्रमांक दोन आणि तीन काढली. काका रोज सकाळी टोपी घालून पडवीत जाऊन बसायचे.

आषाढाच्या अमावास्येला चावी द्यायला गोमाकाका आले. मी ओटीवरच होते. आले ते एका हातात चावी आणि काखेत मडकं. बसले, पाणी प्यायले, चावी दिली. मग मडकं दाणकन ओटीवर ठेवलं.

"घे. ही तुझी घान. दहा-अकरा वरसं घरात जागा अडवून बसलीय. उंदीर होतात."

मडक्यात राख होती. राखेत भात. तांबडं, कुसळांचं. चावीबरोबर दिलेली दरवर्षीची मूठ. गोमाकाकांच्या बायकोने ती वैऱ्याच्या घरची म्हणून कधी शिजवली नाही आणि चावीबरोबर आलेली म्हणून कधी टाकली नाही.

चांगोकाका मडक्याकडे बघत राहिले. "मी मागितलं न्हाय," ते म्हणाले.

"तू कशाला मागशील? तू पाटील. खाडी घेऊन जाईल तरी मागनार न्हाय. तुझी पट्टी बुडाली का बांध माझ्या अंगावर येतो, म्हनून देतोय. लय चढू नको."

"शेपूट तरी वाढू?"

"वाढ," गोमाकाका म्हणाले, आणि त्या दिवशी तीन पिढ्यांत पहिल्यांदा एक म्हात्रे पाटलांच्या घरी जेवला. हिरूकाकूंनी त्याला खरोखर शेपूट वाढलं. त्याने ते काटा न ठेवता खाल्लं.

ते गेल्यावर मी काकांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, त्यांच्याकडे बी आहे?"

"व्हतं की."

"आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"चावीबरोबर दिलेलं मागं मागत न्हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून हसले. "पत्रकात लिव नको. लोकं बोलतील, मूरख हाय."

जुन्या मुठी मेलेल्याच होत्या. गेल्या वर्षीची उगवली, आणि तिच्या आधीची थोडी. ओटीएवढा वाफा झाला. पुढच्या वर्षी त्याचे चार वाफे, त्याच्या पुढच्या वर्षी अर्धी पट्टी. १९७७ला पट्टी पुन्हा कडेपर्यंत तांबडी झाली. केंद्राची दोन्ही कुलुपं तोवर गंजून एकमेकांना चिकटली होती.

आणि त्या दिवाळीत दोन्ही विद्यापीठांची पत्रं आली. या वेळी मात्र त्यांचं एकमत होतं, शब्दन् शब्द सारखा: सदर वाणाचं बी पहारेकऱ्याच्या ताब्यात असल्याचं समजतं, ते कराराप्रमाणे केंद्रात दोन कुलुपांत जमा करावं. माझं डोकं फिरलं. मी लगेच पेन काढलं.

"थांब," काका म्हणाले. "तुझं नको. माझं लिव."

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं, दोन प्रती:

'बी देतो. सगलं देतो. पुनवेला ऊन उतरायच्या आत माझ्या दारात या. दोघांनी एकत्र या. पानी भरून ठेवतो. चांगो जोमा.'

सहीच्या जागी त्यांनी एका प्रतीवर डाव्या अंगठ्याचा ठसा दिला, दुसरीवर उजव्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते १९७८च्या कार्तिकी पौर्णिमेला. ऊन उतरत होतं. ते ओटीवर बसले होते, अंगावर धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. दोन्ही एकत्र मी तेव्हाच पाहिली. शेजारी भाताचं मडकं. पुढे दोन तांबे, दोन्हींवर फुलपात्रं उपडी. वर्षभर प्रत्येक पुनवेला ते असेच बसत होते, हिरूकाकू म्हणाल्या. पुनवेला काका दार सोडत नाहीत म्हणून उघाडीची चावी घ्यायला गोमाकाकाच आलेले, पलीकडे तंबाखू मळत.

"कोन येत न्हाय चांग्या. प्यून टाक पानी."

काकांनी एका तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"गोड हाय अजून," म्हणाले. "बसू जरा."

त्या पौषात ते गेले. म्हात्र्यांनी खांदा दिला. मडकं आता गोमाकाकांच्या ओटीवर असतं आणि दर पुनवेला दोन तांबेही. ते शिव्या देत बसतात, पण बसतात.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, जे हे वाचताय आणि कुठल्याशा विद्यापीठात शिकवता, किंवा फाइली सांभाळता, किंवा दुसऱ्या विद्यापीठाबरोबरच्या करारावर कधी सही केली आहेत. तुमच्या ड्रॉवरमध्ये एक चावी आहे. कदाचित याच दाराची असेल, कदाचित दुसऱ्या. ती काढा. शिपायाकडे देऊ नका, पत्र पाठवू नका, उपसमिती नेमू नका. ज्याच्याकडे दुसरी चावी आहे त्याच्या दारात स्वतः जा, बसा, त्याचं पाणी प्या आणि त्याला सोबत घ्या. येत्या पौर्णिमेला काशीगावात गोमा म्हात्र्यांच्या ओटीवर या. ऊन उतरायच्या आत या. एकटे येऊ नका.